आरसी बुक नसलेली जुनी गाडी आपल्या नावावर कशी करावी

आजोबांची प्रीमियर पद्मिनी आमच्या गावच्या घरामागे गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. १९८३ साली त्यांनी ती मुंबईत नवी घेतली, निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात आणली आणि ते गेल्यावर तिला कोणी हात लावला नाही. कागदांची ट्रंक वाळवीने खाल्ली होती. आरसी बुक नाही, विमा नाही, टॅक्सची पावती नाही. "भंगारवाला चौदा हजार देतोय, देऊन टाक," असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मला ते पटलं नाही. त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी लहानपणी महाबळेश्वरचा घाट पाहिला आहे.

आज ती गाडी रीतसर माझ्या वडिलांच्या नावावर आहे. नोंदणी चालू आहे, विमा आहे, जुना तीन अक्षरी नंबरही तसाच आहे. पण याला चौदा महिने लागले. त्यातले निदान सात महिने मी कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे गेले. ज्या कागदासाठी मी रांगेत उभी राहत होते, तो मिळायला आधी दुसराच कागद लागायचा. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे, आणि तुम्ही तो क्रम मोडू नये अशी माझी विनंती आहे.

हे सगळं खासगी गाडीबद्दल आणि महाराष्ट्रातल्या अनुभवावरून आहे. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना फिटनेस आणि परमिटचे वेगळे नियम लागतात.

आधी हे समजून घ्या

आरसी हरवली म्हणजे मालकी हरवली असं नाही. आरसी हा परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीतला एक उतारा आहे, मूळ नोंद तिथेच असते. तुमच्या गाडीला त्या नोंदवहीत आजही कोणीतरी मालक आहे. तो हयात नसेल, त्याने गाडी वीस वर्षांपूर्वी विकलेली असेल, तरी नाव त्याचंच आहे. त्या नावापासून तुमच्या नावापर्यंतची प्रत्येक कडी कागदाने जोडून दाखवणं, एवढंच हे काम आहे. जी कडी निसटली असेल तिथेच तुमचा वेळ जाणार.

आणि हे नाव किती महत्त्वाचं आहे, ते २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून कळतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला तेव्हा गाडी त्याच्याकडे नव्हती. तरीही नोंदवहीत नाव ज्याचं, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असं ठरवून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली गेली. म्हणून "गाडी आमच्याच दारात आहे ना, मग नावाचं काय" असं म्हणू नका. आणि तुमच्या नावावरची एखादी गाडी तुम्ही "विकून टाकली" असेल, तर ती आज कोणाच्या नावावर आहे तेही याच आठवड्यात पाहा.

इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ बरेच दिसतात. तिथे काही राज्यांत हमीरोखा भरून बिनकागदी गाडीची मालकी मिळवता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. ते उपाय इथे शोधण्यात वेळ घालवू नका.

१. गाडीवरचे नंबर वाचा

नंबर प्लेट ही गाडीची ओळख नव्हे. प्लेट कोणीही रंगवू शकतो. खरी ओळख म्हणजे पत्र्यात ठोकलेला चासी नंबर, आणि त्याच्या जोडीला इंजिन नंबर. बॉनेट उघडा. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यावर कंपनीची पट्टी रिव्हेट केलेली असते आणि बहुतेक जुन्या गाड्यांत जवळच पत्र्यात ठोकलेला नंबरही असतो. पट्टी निघून दुसरी बसवता येते, म्हणून ठोकलेला नंबर शोधा.

गंज आणि रंगाचे थर असतील तर रॉकेल किंवा गंज काढायचा स्प्रे, जुना टूथब्रश आणि भरपूर सबुरी वापरा. ग्राइंडर, पॉलिश पेपर, छिन्नी अजिबात लावू नका. नंबराच्या आजूबाजूला घासल्याची खूण दिसली तर निरीक्षकाला छेडछाडीचा संशय येणं साहजिक आहे, आणि मग गाडी न्यायवैद्यक तपासणीला जाऊ शकते. आमच्या मेकॅनिकने उत्साहाने ग्राइंडर हातात घेतला होता. मी त्याचा हात धरला, म्हणून पुढचा मोठा त्रास टळला.

नंबर स्वच्छ दिसला की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. ही पेन्सिल प्रिंट चार-पाच प्रतींत काढून ठेवा. सोबत मोबाइलने तीन फोटो घ्या: नंबर जवळून, नंबर आणि आजूबाजूचा भाग, आणि समोरून पूर्ण गाडी. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांची गल्लत होते. एक अक्षर चुकलं तरी संगणकावर गाडी सापडत नाही.

इंजिन नंबर नोंदीशी जुळला नाही तर घाबरू नका. एके काळी कित्येक पद्मिनी आणि अँबॅसडर गाड्यांमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं जाई, कारण डिझेल स्वस्त होतं. तो बदल नोंदवला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो आधी मंजूर करून नोंदवून घ्यावा लागेल, आणि बदललेल्या इंजिनाच्या खरेदीचा पुरावा मागितला जाईल. गॅस किट बसवलेलं असेल तर त्याचीही हीच गत. जो मेकॅनिक तेव्हा गाडीवर काम करायचा तो अजून हयात असेल तर त्याला आधी भेटा. आमच्या गाडीचं मूळ इंजिन शाबूत आहे हे आम्हाला अशाच एका वृद्ध मिस्त्रींकडून कळलं.

२. घरातला प्रत्येक कपटा गोळा करा

जुन्या विम्याची कव्हर नोट, काचेवर लावायचं टॅक्स टोकन, पंपाची उधारीची वही, सर्व्हिसिंगचं बिल, कर्जाच्या हप्त्याची पावती, आजोबांच्या डायरीतली एक ओळ, गाडीसमोर उभं राहून काढलेला लग्नातला फोटो. यातल्या कशालाही कार्यालयात पुरावा म्हणून मोल असेलच असं नाही, पण पुढचा शोध कुठे घ्यायचा ते यातूनच कळतं. आम्हाला एका वहीत १९९६ च्या विम्याची अर्धी फाटलेली कव्हर नोट सापडली. तीवर चासी नंबर आणि बँकेचं नाव, दोन्ही होतं.

आरसीची झेरॉक्स सापडली तर ती मूळ कागदाइतकीच जपा. तिच्यामुळे काम निम्म्यावर येतं.

३. नोंदवहीतली नोंद शोधा

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले, म्हणून सविस्तर सांगते.

आधी घरबसल्या पाहा. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंद दिसली तर मालकाच्या नावाची काही अक्षरं, नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे आणि कर्जाची नोंद आहे का, एवढं कळतं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

काहीच दिसलं नाही, तरी नोंद नाही असा अर्थ काढू नका. १ जुलै १९८९ ला १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि महाराष्ट्रात एमएच मालिकेचे नंबर सुरू झाले. त्याआधीच्या गाड्यांना एम या अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर असत. या गाड्यांच्या नोंदी जाड नोंदवह्यांमध्ये हाताने लिहिलेल्या आहेत. ज्या गाड्यांचं नंतर काहीच काम निघालं नाही, त्या संगणकावर चढायच्या राहून गेल्या. आमची गाडी त्यातलीच.

अशा वेळी जिथे गाडी शेवटची नोंदलेली आहे त्या कार्यालयात जावं लागतं. तुम्ही आज राहता ते कार्यालय यात उपयोगाचं नाही. साताऱ्याच्या कार्यालयात मी तीन चकरा मारल्या, आणि तिन्ही वेळा त्यांनी मला बरोबरच सांगितलं होतं की नोंद मुंबईची आहे.

तिथे साध्या कागदावर अर्ज करा. अर्जात गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबर, मूळ मालकाचं नाव, तुमचं त्यांच्याशी नातं आणि मागणी लिहा. मागणी दोन गोष्टींची असावी: नोंदवहीतल्या नोंदीचा तपशील देणे, आणि नोंद संगणकावर नसल्यास तिची बॅकलॉग एंट्री करणे. हा बॅकलॉग शब्द लक्षात ठेवा, खिडकीवर हाच शब्द चालतो. जुनी हस्तलिखित नोंद तपासून वाहन प्रणालीत चढवणं म्हणजे बॅकलॉग. ती झाल्याशिवाय पुढचा एकही ऑनलाइन अर्ज भरताच येत नाही, कारण संगणकाला तुमची गाडी माहीतच नसते. मी हे न कळता दुय्यम, म्हणजे डुप्लिकेट, आरसीचा अर्ज भरायचा प्रयत्न महिनाभर करत होते.

अर्जाची पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच हातात असल्याशिवाय खिडकी सोडू नका. जुन्या वह्या शोधायला वेळ लागतो हे मान्य करून दोन-तीन आठवडे द्या, मग आवक क्रमांक सांगून विचारा. महिना-दोन महिने काहीच हाललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. स्वतःच्या किंवा आपल्या वडिलधाऱ्यांच्या गाडीची माहिती मागताना नातं सिद्ध करणारा कागद सोबत जोडा, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती सहज दिली जात नाही. माझं काम माहिती अधिकाराशिवाय झालं. वही शोधणाऱ्या कर्मचाऱ्याने एका दुपारी तीन कपाटं रिकामी केली, आणि आजोबांचं नाव निळ्या शाईत समोर आलं तेव्हा मला रडू आवरेना.

बॅकलॉग होत असताना समोर बसून प्रत्येक अक्षर तपासा. आमच्या नोंदीत इंधन पेट्रोलऐवजी डिझेल पडलं होतं. त्याच दिवशी पाहिलं म्हणून पाच मिनिटांत दुरुस्त झालं. नंतर तेच काम दुरुस्तीचा वेगळा अर्ज होऊन बसतं.

नोंदीला मोबाइल नंबर जोडून घ्यायलाही विसरू नका. पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येतात.

४. गाडीवर काही भानगड नाही ना, ते पाहा

वारशाच्या गाडीत हे काम लवकर उरकतं, विकत घेतलेल्या गाडीत मात्र हेच सगळ्यात आधी करायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या सेवेवर नंबर टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का ते पाहता येतं. त्याची प्रत छापून फाइलला लावा. मग ई-चलान पाहा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीवरही चलान निघू शकतं, कारण कोणीतरी तोच नंबर दुसऱ्या गाडीला लावून फिरत असतो. तसं दिसलं तर चलानावरचा फोटो काढून वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करा, निमूटपणे दंड भरून मोकळे होऊ नका. दंड भरला म्हणजे ती गाडी तिथे तुमचीच होती असं होतं.

५. गहाळ दाखला आणि बँकेची नोंद

आरसी हरवल्याची तक्रार पोलिसांकडे नोंदवून दाखला घ्या. पोलिसांच्या संकेतस्थळावर गहाळ वस्तूंची नोंद ऑनलाइन करता येते. वाळवीने खाल्लं असेल तर तसंच लिहा, "प्रवासात हरवलं" अशी खोटी कथा रचू नका. पुढे प्रतिज्ञापत्रातही तेच लिहायचं असतं आणि दोन्हींत फरक पडला तर अडचण होते.

नोंदीत कर्जाची नोंद, म्हणजे बोलीभाषेत एचपी, असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि नमुना ३५ च्या (नमुना म्हणजे ठरलेला सरकारी फॉर्म) दोन प्रती बँकेच्या सही-शिक्क्यासह लागतात. जुन्या सहकारी बँका दुसऱ्या बँकांत विलीन झालेल्या असतात. मग जिच्यात विलीन झाली तिच्याकडे जा. शाखेत न अडकता मुख्य कार्यालयाला लेखी पत्र द्या, जुने खाते क्रमांक तिथेच सापडतात. कर्ज देणारी खासगी कंपनी बंद पडली असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची स्थिती पाहा. ती अवसायनात निघाली असल्यास, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून ती गुंडाळली जात असल्यास, ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे अर्ज करावा लागतो.

६. वारसांचं काम

नोंदीतला मालक हयात नसेल तर गाडी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५६ प्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. आपल्याकडे घरात दुःख असताना हे कोणाला सुचत नाही. मुदत गेली म्हणून हक्क जात नाही, पण उशिराचं शुल्क आणि जास्तीचं स्पष्टीकरण मागे लागतं.

लागणारे कागद: मूळ मालकाचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना-हरकत, सगळ्यांची ओळखपत्रं, आणि ज्याच्या नावावर गाडी होणार त्याचा पत्त्याचा पुरावा व पॅन. मृत्युपत्रात गाडीचा उल्लेख असेल तर त्याची प्रत.

माझे तीन महिने इथे गेले. आजोबांचे वारस म्हणजे बाबा, दोन आत्या आणि थोरले काका. काका वारले होते, म्हणून त्यांच्या जागी काकू आणि दोन चुलतभाऊ. मी पहिल्या प्रतिज्ञापत्रात आत्यांची नावं घातलीच नव्हती, कारण "मुली कुठे गाडी मागणार" असं घरात सगळेच म्हणाले. ते प्रतिज्ञापत्र परत आलं, आणि योग्यच झालं. मुलीही वारस आहेत आणि वगळलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. धाकट्या आत्याला ते कळलं तेव्हा तिला फार लागलं. गाडी नको होती तिला, पण आपलं नाव वारसांत नाही हे वाचून ती दोन दिवस बोलली नाही. तिची माफी मागायला मी स्वतः कराडला गेले. कागद करण्याआधी सगळ्यांना फोन करा, गाडीचं काय करायचं ठरलंय ते सांगा, मग सही मागा.

एक चुलतभाऊ दुबईत असतो. त्याने साध्या कागदावर सही करून पाठवलेला फोटो चालला नाही. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन करून मूळ कागद कुरिअरने मागवावा लागला. तुमच्याकडे कोणी परदेशात असेल तर हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

नावांतला फरकही पाहून घ्या. आजोबांचं नाव नोंदवहीत एका प्रकारे, मृत्यू दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं त्याच प्रतिज्ञापत्रात लिहून घेतलं, म्हणून वेगळा खर्च वाचला.

७. विमा, पीयूसी आणि गाडी चालती करणं

विमा कंपनी आरसी मागते, आणि आरसीच्या कामाला विमा लागतो. बॅकलॉग झाल्यावर मिळालेला तपशिलाचा उतारा आणि गाडीची तपासणी यांवर विमा कंपनी थर्ड पार्टी पॉलिसी देऊ शकते. ऑनलाइन संकेतस्थळांवर एवढं जुनं मॉडेल निवडायला नसतंच, थेट शाखेत जा. पूर्ण विम्याच्या मागे सुरुवातीला लागू नका.

गाडी निरीक्षकासमोर स्वतःच्या चाकांवर उभी राहिली पाहिजे. ब्रेक, हँडब्रेक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, आरसे आणि धूर, एवढ्या गोष्टी नीट करा. रंगकाम नंतर. मूळ रंग नोंदीत लिहिलेला असतो, तपासणीआधी वेगळा रंग मारलात तर तो बदल म्हणून धरला जाईल.

आणि नोंदणी संपलेली गाडी "जवळच तर आहे" म्हणून चालवत कार्यालयात नेऊ नका. टोइंगच्या गाडीवर चढवून न्या. वाटेत काही झालं तर तुमच्या हातात एकही बाजू उरत नाही.

८. अर्ज, शुल्क आणि तपासणी

आता हातात सगळं असतं आणि पुढचं काम तुलनेने सोपं आहे. नमुने असे:

- नमुना २६: दुय्यम आरसी
- नमुना ३१: मालकाच्या मृत्यूनंतर हस्तांतरण
- नमुना ३३: पत्ता बदल, लागत असल्यास
- नमुना ३५: कर्जाची नोंद काढणे, लागत असल्यास
- नमुना २५: नोंदणीचं नूतनीकरण

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये झालं, आणि २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. दुचाकीला हेच आकडे १००० आणि २००० आहेत. नूतनीकरणाला उशीर झाल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपये जास्तीचे पडतात. दुय्यम आरसी आणि हस्तांतरण यांचं शुल्क त्यामानाने किरकोळ, मोटारीला प्रत्येकी ३०० रुपये, शिवाय स्मार्ट कार्डाचे २००. यावर पर्यावरण कर येतो, तो इंधनाप्रमाणे बदलतो. पैसे भरण्याआधी पडद्यावरचा प्रत्येक आकडा वाचा आणि विलंब कोणत्या तारखेपासून मोजला आहे ते विचारा.

थकलेल्या रस्ता कराचा प्रश्न मोठा असतो. जुन्या गाड्यांचा कर वर्षाला भरला जाई. गाडी वापरात नाही असं आगाऊ लेखी कळवलं असेल तरच त्या काळाचा कर माफ होतो. याला नॉन-यूज म्हणतात. नुसतं "गाडी गोठ्यात होती" सांगून भागत नाही. आजोबांनी १९९९ साली असं पत्र दिलं होतं हे नोंदवहीच्या शेऱ्यात निघालं आणि आमचे काही हजार रुपये वाचले. म्हणून नोंदीचा तपशील घेताना शेऱ्यांचा रकाना मुद्दाम वाचा.

तपासणीच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक चासी नंबर स्वतः पाहतात. पेन्सिल प्रिंट, टॉर्च आणि ओलं फडकं सोबत ठेवा. सकाळी लवकर जा.

एजंट घ्यावा का? फॉर्म भरायला आणि रांगेसाठी घ्यायला हरकत नाही. पण "मूळ मालकाची सही मी करून घेतो" असं कोणी म्हणालं की तिथून उठा. मेलेल्या माणसाची सही करून झालेलं हस्तांतरण कधीही रद्द होऊ शकतं आणि गुन्ह्यात तुमचं नाव येतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका, आणि मूळ मृत्यू दाखला हातातून सोडू नका.

९. नंबर प्लेट आणि नामनिर्देशन

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणं सक्तीचं आहे. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. फक्त परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून पुढे जाऊनच नोंदणी करा, या कामाच्या बनावट साइट्स खूप आहेत. आरसी आली की त्यातच वारसाचं नामनिर्देशन करून टाका. २०२१ पासून ही सोय आहे. आम्ही बाबांनंतर माझं नाव घातलं.

गाडी वारशाची नसेल तर

गाडी तुम्ही विकत घेतली, पण नावावर केली नाही. हा प्रकार सर्वात जास्त आढळतो. नोंदीतला मालक हयात असेल तर त्याला शोधा. नमुना २९ आणि ३० वर, ज्यांना एजंट टी.टी. फॉर्म म्हणतात, त्याची आजची सही घ्या. वीस वर्षांपूर्वीचे सही केलेले कोरे फॉर्म आज चालतील या भरवशावर राहू नका. पत्ता बदलला असेल तर जुन्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र टाका, परत आलेला लिफाफाही न उघडता जपून ठेवा. तो वारला असेल तर त्याच्या वारसांकडे जावं लागेल. नाव काढून घेणं त्यांच्याही फायद्याचं आहे, हे वरच्या निकालाचा दाखला देऊन शांतपणे समजावा. बहुतेक लोक तयार होतात. कोणीच दाद दिली नाही तर दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून मागण्याचा दावा हाच मार्ग राहतो, आणि त्यासाठी पैसे दिल्याचा पुरावा लागतो.

गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाची नमुना २८ ची ना-हरकत आधी, मग इथे नमुना २७ ने नवा नंबर आणि इथला कर. लिलावात घेतली असेल तर नमुना ३२ आणि लिलाव करणाऱ्याचं प्रमाणपत्र, तेही ३० दिवसांत.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी

जुलै २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. आधीचा नंबर असेल तर तो राखता येतो. पण गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. आणि भारतात आधी नोंदलेल्या गाडीला या अर्जासोबतही जुनी आरसी लागतेच. म्हणजे आधीच्या पायऱ्या चुकत नाहीत.

नोंदच सापडली नाही तर

कधी कधी वही जळालेली, भिजलेली निघते. मग कार्यालयाकडून "नोंद उपलब्ध नाही" असं लेखी घ्या आणि हाताशी असलेले सगळे कपटे घेऊन परिवहन आयुक्त कार्यालयात अर्ज करा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

नोंदणी रद्द झालेली किंवा भंगारात काढलेली गाडी मात्र परत उभी राहत नाही. तिचा चासी तुकडा दुसऱ्या गाडीत वेल्ड करून "कागदासकट" विकणारे लोक आहेत. म्हणून बिनकागदी जुनी गाडी विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी चासी नंबरचा फोटो मागा, त्या भागातलं वेल्डिंग बोटाने चाचपून पाहा, आणि नंबर घेऊन तिसरी व चौथी पायरी स्वतः करा. विकणारा तेवढे दिवस थांबायला तयार नसेल, तर गाडी कितीही आवडली तरी घेऊ नका.